दिवसाआडचा ताप

रेश्मा,

तुला शेवटची अंघोळ घालताना तुझ्या रोह्याच्या आत्याने माझा हात धरला. पुरुष ओटीवर बसले होते आणि मागच्या पडवीत आम्ही बायका. तुझ्या अंगावरचं पातळ बाजूला केलं, तेव्हा तिला तुझं पोट दिसलं, मांड्या दिसल्या. सगळीकडे तपकिरी डाग. डाव्या मांडीवर तो खड्डा, जिथलं मांस काळं पडून गळून गेलं होतं. आत्याने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय गो? पोरीला डागलंय कोणी?"

बाकीच्या बायकांचे हात थांबले. सून मेलेली, तिच्या अंगावर डाग आणि शेजारी सासू उभी. कोणालाही जे वाटलं असतं तेच तिला वाटलं. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

"इंजेक्शनाचे हायत," मी म्हटलं.

"एवढी? कोणी दिली एवढी?"

"मीच."

माझ्या हातातला तांब्या तिने काढून घेतला आणि पुढची अंघोळ तिनेच घातली. मी खांबाला टेकून उभी राहिले. इतकी वर्षं तुझ्या अंगाला माझ्याइतका कोणाचा हात लागला नव्हता, आणि शेवटच्या दिवशी मी लांब. बोलायला हवं होतं. पण पाणी थंड होत होतं, बाहेर माणसं खोळंबली होती, तिथे उभं राहून काय काय सांगणार? म्हणून आता तुलाच सांगते. तुला ठाऊक आहे सगळं, तरी सांगते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तू पेणच्या लॅबमधून दुपारीच घरी आलीस. मिनीडोरमधून उतरलीस ती एका डोळ्यावर हात ठेवून. म्हणालीस, "आई, मशीनमधून रक्त बघत होते, लाल रंगच दिसेना. राखेसारखं दिसायला लागलं." मला वाटलं, दमलीस. गुलाबपाणी घातलं डोळ्यात. आठवडाभराने पायाला मुंग्या आल्या, त्या कमरेपर्यंत चढल्या. मग पनवेल, मग मुंबई, ते मोठं मशीन, पाठीतून काढलेलं पाणी. आजाराचं नाव सांगितलं तेव्हा माझ्या प्रशांतने डॉक्टरांना ते कागदावर लिहून द्यायला लावलं. मला काहीच कळलं नाही. परत येताना तूच मला समजावलंस, जणू आजार माझ्या घरातल्या दुसऱ्याच कोणाला झाला होता. "आई, गावाची राखण करायला ठेवलेल्या माणसांनीच गाव लुटायला घ्यावं, तसं हाय ते. माझ्याच अंगातली माणसं माझ्याच नसा कुरतडतायत."

"आणि औषध?"

"औषध त्यांना गप करतं. पूर्ण नाय, जरासं. जे गेलं ते परत येत नाय. पुढचं जायला उशीर होतो."

सोमवार, बुधवार, शुक्रवार. तू लॅबवाली, दिवसभर दुसऱ्यांना टोचणारी. सुरुवातीला स्वतःच घ्यायचीस, पोटाची चिमटी धरून, दातओठ न चावता. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. पण दंडाच्या मागे आणि कमरेखाली तुझा हात पोचेना, आणि पुढे पुढे बोटंच बधिर व्हायला लागली. प्रशांतने एकदा धीर केला. सुई आत गेली आणि तो बाहेर, परसात, उलटी करायला. तू हसलीस. म्हणालीस, "आई, तुम्हीच शिका."

मी अंगणवाडीत उभी हयात काढलेली बाई. पोरांना खिचडी वाढली, वजनं घेतली, डोस पाजायला नर्सबाईंच्या शेजारी उभी राहिले. सुई मात्र हातात धरली नव्हती. तू मला अंघोळीच्या स्पंजवर शिकवलंस. "मनगट सैल सोडा. कांदा चिरताना सुरी धरता तशी नका धरू, पेन धरता तशी धरा." मग स्वतःची मांडी पुढे केलीस. मी दोनदा सुई टेकवून मागे घेतली. तू माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत राहिलीस, मला लाज वाटू नये म्हणून. झाल्यावर म्हणालीस, "हात हलका हाय तुमचा." खोटं होतं ते. दुसऱ्या दिवशी तिथे हे एवढं लालभडक चकंदळ उठलं होतं.

लोकांना वाटायचं, इंजेक्शन म्हणजे टोचण्यापुरतं दुखणं. टोचणं काहीच नव्हतं. संध्याकाळी फ्रिजमधून काढायचं, थंडपणा जाईपर्यंत थांबायचं, तापाची गोळी आधीच द्यायची. टोचलं की दिवेलागणीनंतर तुला हुडहुडी भरायची. दोन गोधड्या, वर माझी शाल, तरी दातावर दात. मग ताप, मग हाडं कोणी पिळून काढावीत तशी अंगदुखी. सकाळी उठायचीस ती शेतावर दिवसभर लावणी करून आलेल्या बाईसारखी, आणि तशीच लॅबला जायचीस. संध्याकाळपर्यंत जरा माणसात यायचीस, की दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले होते, शरीराला सवय होईल, चार-सहा महिन्यांत ताप कमी होईल. काहींचा होतो म्हणे. तुझा झाला नाही. "माझ्याकडे आठवड्यात एकच वार हाय," तू म्हणायचीस. "रविवार. बाकीचे औषधाचे."

जागा बदलत राहायची होती. पोट, मांड्या, दंड, कमरेखाली. तरी हळूहळू चांगली जागाच मिळेना. कातडीखाली गाठी झाल्या, सुई शिरेना. बर्फ लावला, कोरफड लावली, डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं. मांडीवर एक डाग काळा पडला, खपली धरली आणि ती निघाली तेव्हा आत बोट बसेल एवढा खड्डा. तो सुकायला पावसाळा गेला. तू साडी नेसणं सोडलंस, पोट दिसतं म्हणून. हळदीकुंकवाला ड्रेस घालून जायचीस, आणि बायका म्हणायच्या, नोकरीवाली सून, हिला आता साडी नको. तू ऐकून घ्यायचीस. घरी येऊन मला सांगायचीस आणि आपण दोघी त्यांच्या नकला करायचो. ते दिवस आठवले की अजूनही हसू येतं, रेश्मा. आपण खूप हसलो आहोत, हे कोणाला सांगितलं तर पटायचं नाही.

रडणं वेगळं होतं. ते अचानक यायचं, तांदूळ निवडताना, टीव्ही बघताना. डॉक्टर म्हणाले, या औषधाने मनही खाली जातं, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवायची. एकदा तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारलंस, "आई, हे रडणं माझं हाय का औषधाचं?" मी तुझ्या केसांत तेल घालत राहिले. केसही विरळ झाले होते.

आपलं भांडण गौरीच्या दिवशीचं. तसं ते आधीही होतं आणि नंतरही राहिलं, पण त्या दिवशी ते उघड्यावर आलं. शुक्रवार होता. संध्याकाळी वाडीतल्या बायका फुगड्यांना येणार होत्या. तू केसांत गजरा माळून तयार, आणि मी फ्रिज उघडला.

"आज राहू द्या, आई."

"वार ठरलेला हाय गो."

"एक दिवस गेला तर काय होतंय? मला नाचायचं नाय, नुसतं बसायचंय त्यांच्यात. गोधडीत नाय."

"डॉक्टरांनी सांगितलंय, चुकवायचं नाय."

तेव्हा तू आवाज न चढवता जे बोललीस ते माझ्या कानात तसंच आहे. "आई, आजार मला वर्षातून एकदा दिसतो. औषध मला दिवसाआड दिसतं. मग माझा आजार कुठला, तुम्हीच सांगा."

मीही ऐकून घेणारी नव्हते. "आजार वर्षातून एकदाच दिसतो, पण येतो तेव्हा एक पाय घेऊन जातो. औषध काय नेतं? रात्रीची झोप."

"झोप?" तू पदर खोचावा तसा कुर्ता वर केलास आणि पोट दाखवलंस. "ही झोप हाय?"

इंजेक्शन घेतलंस शेवटी. ओटीवर फुगड्या रंगल्या होत्या, आणि तू आतल्या खोलीत कुडकुडत गाणी ऐकत होतीस. मी तुझ्याजवळ बसले. खरं सांगू? मला अजूनही वाटतं, मी बरोबर होते. आणि तूही बरोबर होतीस. हे दोन्ही एकाच घरात कसं राहायचं, ते आपल्याला कधी जमलं नाही.

मग मूल हवं म्हणून डॉक्टरांनीच काही महिने औषध थांबवायला सांगितलं. ते महिने तुझ्या माझ्या संसारातले सगळ्यात चांगले. पहिल्या आठवड्यात तू सकाळी उठलीस, चुलीपाशी येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, काय दुखत नाय. लोकांना रोज असं वाटतं?" मी चहा गाळत होते. मला तुझ्याकडे बघवलं नाही.

तू रोह्याला माहेरी गेलीस, दिवा-रोहा गाडीने, एकटी. कुंडलिकेत पाय सोडून बसलेला फोटो पाठवलास. गाल भरले होते. प्रशांत रोह्यातल्याच कंपनीतली शिफ्ट संपवून तिकडे यायचा, दोघं नदीकाठी फिरायचात. मी देवापुढे रोज साखर ठेवायची. मूल राहिलं नाही. दिवाळीनंतर एके दिवशी तू न्हाणीघरातून हाक मारलीस. तू खाली बसली होतीस. पडली नव्हतीस, नुसती बसली होतीस. "उठता येत नाय," म्हणालीस, जसं काही पाऊस पडतोय असं सांगावं. सलाईनमधून औषधं दिली, एक पाय थोडा आला, दुसरा यायचा तेवढा आलाच नाही. पुन्हा सोमवार, बुधवार, शुक्रवार. लॅब सुटली. त्या वेळी मी म्हटलं नाही की बघ, मी सांगत होते. तूही म्हटलं नाहीस की ते महिने मला मिळाले ते मिळाले. पण आपण दोघीही मनात तेच म्हणत होतो.

प्रशांतबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तो वाईट नाही. इंजेक्शनाच्या वारी तो दुपारची, रात्री उशिरा सुटणारी शिफ्ट मागून घ्यायचा, हे मला उशिरा कळलं. मग जाण्यायेण्याचा त्रास म्हणून रोह्यात खोली घेतली. रविवारी यायचा, तुला उचलून अंगणात खुर्चीवर बसवायचा, नखं कापून द्यायचा. संध्याकाळची गाडी गाठायचा. पंचक्रोशीतली एक शहाणी बाई मला म्हणाली, "माहेरी पाठवून द्या तिला, पोराचं दुसरं बघा." मी तिला म्हटलं, "आणि मी आजारी पडले तर मला कुठल्या माहेरी पाठवाल?" तू आतून ऐकलंस. त्यानंतर तू मला आई म्हणायचीस त्यात काहीतरी बदललं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुला तपासलं, कागद पाहिले आणि म्हणाले, "आता हे इंजेक्शन बंद करू. आजार पुढच्या पायरीला गेलाय. याचा आता फायदा नाही, उगाच त्रास कशाला?" मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तुझा चेहरा उजळेल. इतकी वर्षं जे मागत होतीस ते समोरून मिळालं होतं. आपण गाडीत बसलो. खारपाड्याचा पूल गेला आणि तू रडायला लागलीस, तोंड दाबून, खांदे हलत होते.

"काय गो? तुलाच नको होतं ना?"

"मला बंद करायचं होतं, आई," तुझं बोलणं तेव्हा जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढायचीस. "त्यांनी... सोडून दिलं."

त्या दिवसापासून भांडण संपलं. भांडायला काही उरलंच नाही. ताप गेला, अंगदुखी गेली, डाग फिके पडायला लागले. आणि आठवड्याचे सगळे वार तुझे झाले, तेव्हा तुला ते बिछान्यातून बघावे लागले. हात गेले. मग घास अडकायला लागला. पेज पातळ केली, आणखी पातळ केली. ती चुकीच्या वाटेने गेली आणि छातीत उतरली. पेणच्या दवाखान्यात तू नाकाला नळी लावून पडली होतीस. त्या दुपारी तू माझ्याकडे बघून काहीतरी बोललीस. दोन-तीनदा बोललीस. मी कान तुझ्या तोंडाशी नेला. श्वासाचा आवाज फक्त. मला काही कळलं नाही. तू थकू नयेस म्हणून मी म्हटलं, "व्हय गो, व्हय." तू डोळे मिटलेस. कशाला व्हय म्हटलं मी? तू पाणी मागितलंस, की प्रशांतला बोलव म्हणालीस, की आता पुरे म्हणालीस? मी कशाला कबूल झाले, हे मला आता कधीच कळणार नाही.

राख कुंडलिकेत सोडली. प्रशांत गुडघाभर पाण्यात उभा होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, तिला मी शेवटचं जवळ कधी घेतलं, मला आठवत नाय." मी त्याला टॉवेल दिला. त्याचं त्याला आठवू दे.

आता नुकतंच झालेलं सांगते. परवा जिते गावाहून एका बाईचा फोन आला. तिच्या मुलीला तुझाच आजार निघालाय, कॉलेजात जाते, नाव स्नेहा. हॉस्पिटलातल्या कोणीतरी माझा नंबर दिला होता, की या बाई घरीच इंजेक्शन द्यायच्या, दाखवतील. हॉस्पिटलला तुझं अजून कळलेलं नसावं. आधी मी नाही म्हटलं. मग काल गेले.

घर स्टेशनपासून जवळच होतं. मुलगी खाटेवर बसलेली, हातात मोबाईल, माझ्याकडे बघायला तयार नाही. आईने चहा दिला आणि पोरीच्या समोरच विचारलं, "तुमची सून बरी हाय ना आता?"

खोटं बोलायला किती सोपं होतं. मी म्हटलं, "गेली. गेल्या महिन्यात."

मुलीने मोबाईल खाली ठेवला. "इंजेक्शनानं गेली?"

"नाय. आजारानं."

"मग इंजेक्शनानं काय केलं?"

रेश्मा, हा तुझा प्रश्न होता. इतकी वर्षं मी त्याला डॉक्टरांच्या तोंडचं उत्तर देत आले. काल तिच्यासमोर बसून दोन्ही बाजू मीच सांगितल्या, कारण तुझी सांगायला तू नव्हतीस. ताप सांगितला, थंडी सांगितली, गाठी सांगितल्या, मांडीचा खड्डा सांगितला. मन खाली जातं, तेव्हा लपवू नको, आईला सांग, डॉक्टरांना सांग, तेही सांगितलं. सगळ्यांना एवढं होत नाही, आता दुसरी औषधंही आहेत, डॉक्टरांना विचारायची लाज धरू नको, असं म्हटलं. मग म्हटलं, की माझी सून बरीच वर्षं स्वतःच्या पायांनी पेणला कामाला गेली. औषधामुळे गेली की तशीही गेली असती, मला ठाऊक नाही. औषध थांबलं होतं तेव्हा तिचा पाय गेला, एवढं मी डोळ्यांनी बघितलं. आणि औषध थांबलं होतं तेव्हाच ती सगळ्यात सुखात होती, तेही बघितलं.

तिची आई मधेच म्हणाली, "अहो, पोरीला घाबरवू नका."

"मी घाबरले नाय," मुलगी म्हणाली. मग बाही वर केली. दंड कोवळा, एक ओरखडासुद्धा नाही.

मी हात धुतले. तिच्या आईला शेजारी बसवलं, चिमटी कशी धरायची ते दाखवलं, आणि पहिलं इंजेक्शन मी दिलं. मुलीने डोळे मिटले नाहीत, सुईकडेच बघत राहिली. रात्री थंडी वाजेल, गोधड्या आताच काढून ठेवा, असं आईला सांगून मी निघाले.

दारात चप्पल घालत होते, तेव्हा ती मागून आली.

"काकी, नाव काय होतं त्यांचं?"

मी तुझं नाव सांगितलं.